फ्लोट पाण्यात गेला की मऊ पडतो आणि झेंडा आडवा होतो: कारण कुठे शोधायचं?

स्पीअरफिशिंगला, म्हणजे श्वास रोखून बुडी मारत भाल्याने मासे मारायला जाताना, आपण हवेने फुगवलेला आणि झेंडा लावलेला फ्लोट दोरीने सोबत ओढतो. किनाऱ्यावर हा फ्लोट टणक असतो. अंगठ्याने दाबला तर जेमतेम दबतो. पाण्यात उतरून वीस-पंचवीस मिनिटं होतात, चार-सहा बुड्या होतात, आणि वर येऊन बघावं तर फ्लोटच्या पोटावर सुरकुत्या, मधोमध वाक आलेला, झेंड्याची काठी एका अंगाला कललेली. आणखी थोड्या वेळाने झेंडा पाण्यावर लोळत असतो. घरी आणून तोच फ्लोट फुगवून ठेवला तर सकाळी जसाच्या तसा. पुढच्या खेपेला समुद्रात पुन्हा तीच गत.

मी हे दोन मोसम सोसलं. पंक्चरच असणार असं धरून तीन ठिकाणी ठिगळं लावली. तिन्ही ठिकाणी छिद्र नव्हतं. मग एकदा सगळा फ्लोट खोलून, एकेक भाग वेगळा तपासला, तेव्हा लक्षात आलं की दिसायला त्रास एक असला तरी कारणं दोन-तीन असतात आणि ती एकमेकांत मिसळतात. पाण्याचा थंडावा, व्हॉल्व्हमधली वाळू, चुकीच्या जागी टांगलेलं शिसं. यातलं नेमकं काय चाललंय ते कळल्याशिवाय गोंदाची ट्यूब उघडू नये.

आणि हे अंगावर काढूही नये. स्पीअरफिशिंगमध्ये आपण पाण्याखाली असताना बोटवाल्याला आपली एकच खूण दिसते, ती म्हणजे झेंडा. निळा-पांढरा, मागे खाच असलेला अल्फा झेंडा म्हणजे 'पाणबुड्या पाण्याखाली आहे, लांबून आणि हळू जा'. काही देशांत त्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला लाल रंगावर तिरका पांढरा पट्टा असलेला झेंडा लागतो, तो तिथल्या नियमाप्रमाणे लावावा. पण कुठलाही असो, ओला होऊन पाण्याला चिकटलेला झेंडा लाटांमध्ये पन्नास मीटरवरूनही दिसत नाही.

दुसरा धोका मला स्वतःवर बेतल्यावर कळला. फ्लोट मऊ झाला म्हणून मी पाण्यातच नळी तोंडात धरून फुंकायला लागले. पंचवीस-तीस मोठे श्वास गेले असतील. झेंडा उभा राहिला. लगेच बुडी मारायला मास्क नीट केला, तर बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या होत्या आणि डोकं हलकं झालं होतं. जोडीदाराने माझा दंड धरला. "थांब गं. आत्ता खाली जायचं नाही. फ्लोटला धरून नुसती पडून राहा."

तो बरोबर होता. जोरजोरात फुंकताना शरीरातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे. म्हणजे फुंकून झाल्यावर मारलेल्या बुडीत ऑक्सिजन नेहमीसारखाच खर्च होतो, पण 'आता वर चल' ही सूचना उशिरा मिळते. वर येताना पाण्याचा दाब कमी होतो, तसा फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा दाबही झपाट्याने उतरतो आणि पृष्ठभागाच्या अगदी जवळ शुद्ध हरपते. त्या दिवसापासून फ्लोटच्या खिशात एक छोटा हातपंप असतो. पाण्यात तोंडाने फुंकणं मी पूर्ण बंद केलं आहे. तुमच्यावर कधी वेळ आलीच, तर त्यानंतर श्वास पूर्ण शांत होईपर्यंत बुडी नको. आणि एक जण खाली असेल तेव्हा दुसऱ्याची नजर त्याच्यावरच हवी.

आधी थंडाव्याचा हिशोब

टॉर्पेडोच्या आकाराच्या साध्या फ्लोटमधला दाब आपल्याला वाटतो त्याहून बराच कमी असतो. बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 0.1 ते 0.2 बार (बार हे दाबाचं एकक) जास्त, तेवढाच. फ्लोट टणक लागतो तो या वरच्या थोड्याशा दाबामुळे. पण हवा थंड झाली की घट होते ती आतल्या एकूण दाबात, म्हणजे बाहेरच्या वातावरणाचा 1.013 बार धरून जो होतो त्यात. सगळी गोम इथेच आहे.

समजा, उन्हात वाळूवर ठेवून फ्लोट 0.2 बारपर्यंत फुगवला आणि आतली हवा 40 अंश सेल्सियस आहे. एकूण दाब झाला 1.213 बार. तो 26 अंशांच्या पाण्यात गेला. निरपेक्ष तापमानात मोजायचं तर 313 केल्विनवरून 299 केल्विन, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास घट. एकूण दाब उरला सुमारे 1.159 बार. त्यातून वातावरणाचा दाब वजा करा, आपल्या हाताला लागणारा दाब उरतो 0.146 बार. एक बुडबुडाही बाहेर न जाता टणकपणाचा पाव हिस्सा गेला. हाच हिशोब 0.1 बारने केला तर 0.1 चे 0.05 होतात, सरळ निम्मे. नुसत्या तोंडाने फुगवलेला फ्लोट या दुसऱ्या गटात येतो, कारण फुंकून 0.1 बारच्या फार पुढे जाणं कठीण असतं. शिवाय आपला श्वास वाफेने भरलेला असतो. गार पाण्यात त्या वाफेचे आत थेंब होतात आणि दाब आणखी थोडा उतरतो. फ्लोट घरी नेऊन हलवला की आत जे पाणी खळखळतं, ते समुद्राचंच असेल असं नाही.

घरी मात्र रात्र आणि सकाळ यांच्या तापमानात इतका फरक पडत नाही, म्हणून तिथे तो फ्लोट धडधाकट ठरतो.

यावरचा इलाज सोपा आहे. फ्लोट फुगवायचा, पाण्यात ढकलायचा आणि आपण फिन, वजनपट्टा, हातमोजे चढवेपर्यंत दहा मिनिटं तसाच तरंगू द्यायचा. मग कमरेइतक्या पाण्यात उभं राहून पंपाने उरलेली हवा भरायची. झेंड्याची काठी त्यानंतर लावायची. ज्यांचा त्रास केवळ थंडाव्याचा आहे त्यांचं काम इथेच होतं. नव्या पीव्हीसी फ्लोटला पहिल्या काही खेपांमध्ये थोडं जास्त भरावं लागतं, कारण ताणाखाली तो कापडासारखा थोडा सैल होतो. ती गळती नव्हे.

बाहेर आल्यावर याच्या उलट करायचं. पाण्यात भरून टणक केलेला फ्लोट तसाच गाडीत टाकू नका. 27 अंशांला 0.2 बार असलेला दाब बंद गाडीत आतली हवा 60 अंशांवर गेली की 0.33 बारवर जातो आणि कडेचा जोड तिथेच उसवायला लागतो. पाण्याबाहेर पडताच निम्मी हवा सोडून द्यायची.

खरी गळती: सुरुवात व्हॉल्व्हपासून

थंड करून पुन्हा भरलेला फ्लोटही मऊ पडत असेल तर हवा खरोखर जाते आहे. रात्रभरच्या चाचणीने हे पक्कं करता येतं. फ्लोट ऊन आणि पंखा नसलेल्या खोलीत फुगवा, तासभर थांबा, मग शिंप्याच्या टेपने मधला घेर मोजा आणि मोजलेल्या जागी पेनाने रेघ मारा. सकाळी त्याच रेघेवर पुन्हा मोजा. अंगठ्याचा अंदाज फसवतो, टेप फसवत नाही.

मात्र ही चाचणी एकदा झाकण लावून आणि एकदा झाकण काढून करा. माझी दोन वर्षं इथेच गेली. बहुतेक व्हॉल्व्हमध्ये दोन टप्पे असतात, आत एकेरी रबरी पडदा आणि बाहेर झाकण. घरी झाकण कोरडं आणि घट्ट असतं, त्यामुळे आतला पडदा निकामी असला तरी हवा टिकते. समुद्रात फ्लोट सतत मुडपतो, आपण त्याच्यावर हात टाकून विसावतो, आतला दाब क्षणोक्षणी वाढतो आणि झाकणाच्या आट्यांतून हवा थोडी थोडी निसटते. पडदा शाबूत असता तर झाकणापर्यंत दाब पोचलाच नसता.

झाकण काढा, व्हॉल्व्हच्या तोंडावर भांड्याच्या साबणाच्या पाण्याचा पातळ पडदा बोटाने ओढा आणि दुसऱ्या हाताने फ्लोट जोरात दाबा. साबणाचा पडदा फुग्यासारखा वर आला तर दोषी सापडला. मी टॉर्च मारून आतला रबरी पडदा नखाने हळूच उचलला, तेव्हा त्याच्या कडेवर वाळूचा एकच कण बसलेला होता आणि त्याच्याभोवती सुकलेल्या मिठाची पांढरी कड. पडदा त्या कणावर तंबूसारखा उचललेला. तीन ठिगळांनी जे झालं नाही ते कपभर गोड्या पाण्याने झालं.

व्हॉल्व्ह गोड्या कोमट पाण्याने धुवा, मऊ ब्रशने बैठक पुसा, पडदा ताठ झाला असेल किंवा कडा मुडपलेल्या असतील तर बदला. पूर्ण वाळल्यावर सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवा. पेट्रोलियम जेली वापरू नका, तिने रबर फुगून नरम पडू शकतं. ग्रीसही जास्त नको, त्याला वाळू जास्तच चिकटते. स्प्रिंगच्या व्हॉल्व्हमध्ये मधली पिन दाबून फिरवली की ती उघडीच अडकते, ही सोय हवा काढण्यासाठी असते. फुगवण्याआधी पिन वर आलेली आहे ना ते बघावं.

इथून पुढे एक सवय: फ्लोट वाळूवर फुगवायचाच नाही. खडकावर, बोटीत किंवा पिशवी अंथरून. व्हॉल्व्हचं झाकण काढलं की ते खाली ठेवायचं नाही, दोरीने बांधलेलं नसेल तर ओठात धरायचं.

कातडीला छिद्र असेल तर

व्हॉल्व्ह निर्दोष ठरला तरच कातडीकडे वळा. फ्लोट टणक फुगवून साबणाच्या पाण्याने सगळे जोड पुसत जा, विशेषतः काठीच्या खोबणीभोवती आणि कड्या जिथे चिकटवल्या आहेत तिथे. नायलॉनची खोळ आणि आत ब्लॅडर, म्हणजे हवेची वेगळी पिशवी, असा प्रकार असेल तर ब्लॅडर बाहेर काढूनच तपासा. खोळीत शिरलेली वाळू आतल्या आत सँडपेपरचं काम करते, म्हणून खोळ उलटी करून झटका. टोकदार कारणंही शोधा. टांगलेल्या माशाच्या पाठीवरचे काटे, उघडी सुरी, भाल्याचं टोक.

ठिगळाबाबत सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सायकलच्या ट्यूबचं सोल्यूशन लावणं. ते रबरासाठी आहे, पीव्हीसीवर ते धरत नाही. दोन दिवस टिकल्यासारखं दिसतं, मग कडेने सुटतं. पीव्हीसीला विनाइलचा गोंद, टीपीयू या लवचिक प्लास्टिकच्या ब्लॅडरला युरेथेनचा गोंद. हवा पूर्ण काढा, भाग सपाट पसरा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ठिगळ गोल कापा, कारण कोपरा आधी उचलला जातो. छिद्राच्या सगळ्या बाजूंनी निदान तीन सेंटिमीटर पुढे जायला हवं. वजन ठेवून 24 तास हात लावू नका. छिद्र जोडाच्या शिवणीवरच असेल तर ठिगळावर विश्वास टाकू नये, ब्लॅडर नवीन घ्यावा.

हवा पुरेशी आहे, तरी झेंडा कलतो

ही वेगळी तक्रार आहे आणि पंपाने सुटत नाही. नळकांड्यासारखा फ्लोट पाण्यावर सहज लोळतो. काठी आणि झेंडा वर, वारा बाजूने, आणि खाली तोल धरणारं काही नाही, मग तो कलणारच. म्हणून पोटाखाली शिसं लागतं. पण ते किती, यापेक्षा किती खोल, हे महत्त्वाचं. अर्धा किलो शिसं फ्लोटच्या मध्यापासून 30 सेंटिमीटर खाली असेल तर ते 10 सेंटिमीटर खाली चिकटवलेल्या दीड किलोइतकंच तोल सावरतं. मात्र ते काठीच्याच खालच्या टोकाला, ताठ दांड्यावर हवं. सैल दोरीला लोंबणारं शिसं फ्लोट कलला तरी सरळ खालीच लोंबत राहतं आणि त्याच्या लांबीचा काही फायदा होत नाही. सुरुवातीला मीही दोरीच वापरली होती. काठी आरपार जाणारा फ्लोट असेल तर हे अगदी सोपं होतं.

काठी गरजेपुरती उंच ठेवा. दहा सेंटिमीटरने काठी वाढवली की वाऱ्याचा जोरही तेवढ्या लांबून लागतो. झेंड्याच्या वरच्या कडेत ताठ तार घाला, म्हणजे वारा नसताना ओलं कापड काठीला गुंडाळलं जात नाही. मासे, पाण्याची बाटली, पिशवी असं सगळं मधल्या रेषेवर टांगा. एका बाजूच्या कडीला दोन किलोचा मासा लटकवून झेंडा सरळ राहायची अपेक्षा ठेवता येत नाही.

ओढायची दोरी कुठे बांधली आहे तेही बघा. नाकाच्या वरच्या कडीला बांधली की ओढताना फ्लोट नाक खुपसतो आणि शेपूट उचलतो. खालच्या कडीला बांधली की तो पाण्यावरून सरकतो.

दोरीचं थोडक्यात. पॉलीप्रोपिलीनची घ्या, तिची घनता सुमारे 0.91 म्हणून ती तरंगते. नायलॉनची 1.14, ती बुडून खडकांना वेटोळे घालते. लांबी खोलीच्या साधारण दीडपट, म्हणजे 15 मीटर खोलीला 22-23 मीटर. आखूड दोरी फ्लोटला झटके देते आणि झेंडा खाली खेचते, फार लांब दोरीमुळे झेंडा तुमच्यापासून दूर भलतीकडेच फडकत राहतो. दोन्ही टोकांना भोवरकडी हवी, नाहीतर पीळ साठत जातो. क्लिप आणि भोवरकडी 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या, 304 ला खाऱ्या पाण्यात लवकर गंज धरतो. दोरीचं दुसरं टोक भाला सोडणाऱ्या बंदुकीच्या मुठीला. मनगटाला किंवा कमरेला कधीच नाही. एखाद्या बोटीने ती दोरी पंख्यात ओढली तर तुम्हाला हात सोडून मोकळं होता आलं पाहिजे. दोरी कापण्याची सुरी अशा जागी ठेवा की कुठल्याही एका हाताने निघेल.

मासा फ्लोटच खाली नेतो तेव्हा

मोठा मासा लागला आणि फ्लोट गडप झाला, वर आला तेव्हा पिचका झालेला, अशी तक्रार असेल तर ती बहुधा गळती नसते. 20 लिटरचा, 0.2 बारने भरलेला फ्लोट पहिल्या दोन मीटरपर्यंत आकार टिकवतो. त्यापुढे पाणी त्याला दाबू लागतं. 10 मीटरवर तो साधारण 12 लिटर उरतो, 20 मीटरवर 8. म्हणजे सुरुवातीला 20 किलोची उचल देणारा फ्लोट 20 मीटरवर आठच किलोची देतो. जितका खोल जाईल तितका माशाला तो हलका पडतो, आणि एकदा उतरायला लागला की उतरतच जातो. मऊ फ्लोटचं आणखी वाईट, तो 10 मीटरवर थेट निम्मा होतो. फ्लोट पूर्ण भरलेला असावा यामागे झेंड्याइतकंच हेही कारण आहे.

मोठ्या माशांच्या पाण्यात जाणार असाल तर फोमचा भरीव फ्लोट किंवा एकामागे एक दोन फ्लोट, आणि मध्ये ताणणारी बंजी दोरी. झटका बंजी खाते आणि फ्लोट पृष्ठभागावर राहतो. ताणलेल्या बंजीच्या रेषेत तोंड आणू नका, क्लिप सुटली तर ती सरळ मास्कवर येते.

असा खाली जाऊन आलेला फ्लोट लगेच पुन्हा भरून वापरात घेऊ नका. सगळा भार काठीच्या खोबणीने आणि दोरीच्या कडीने सोसलेला असतो. कडीच्या पट्टीची कड नखाने उचलून बघा, खोबणीभोवती पांढुरकी ताणरेषा आली आहे का ते उजेडात धरून बघा. घरी नेऊन गोड्या पाण्याने धुवा, व्हॉल्व्ह वाळवा, खोलीत फुगवून ठेवा, रेघेवर टेप धरा, आकडा लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा.